डॉक्टरांच्या कोटाचं बटण

वाऱ्यानं दुकानाचं दार उघडलं असं तिला वाटलं, पण दारात माणूस उभा होता. एका हातात कोट, दुसऱ्या हातात कोटाचं बटण.

"कुत्र्यानं ओढलं," तो म्हणाला. "म्हणजे... पेशंट होता. मी जनावरांचा डॉक्टर. कोपऱ्यावर दवाखाना आहे."

"बटण आवडलं नसेल त्याला."

"मला वाटलं, मीच आवडलो नाही!"

ती खुदकन हसली. शिवणकामाचं दुकान थाटून वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षानं तिला कान धरून बरंच शिकवलं होतं. कापड आधी भिजवायचं, मगच कात्री लावायची. 'काही घाई नाही' म्हणणारं गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी दारात हजर असतं. नातेवाइकांचं माप घेताना तोंड बंद ठेवायचं. टाका मात्र तिचा मुळातच पक्का होता. त्याच्याच जिवावर तर दुकान काढलं होतं.

पुढच्याच आठवड्यात तेच बटण पुन्हा निघालं.

"पुन्हा कुत्रा?"

"नाही... आपोआपच," तो नजर चुकवत म्हणाला.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मग बाही उसवली. मग खिसा. दर वेळी तो स्टूल ओढून बसायचा, "सावकाश होऊ द्या" म्हणायचा आणि तिच्या बोटांकडे बघत राहायचा. तिनं मान वर केली, की हा खिडकीबाहेर! बिचारा भिडस्त आहे, तिला वाटायचं, तोंडावर तक्रार करत नाही. तो यावा असंही वाटायचं; पण हातातला कोट दिसला, की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशातच समोरच्या गायनवर्गाच्या बाई आल्या. सगळ्या मुलांचे कार्यक्रमाचे पोशाख शिवायचे होते. वर्षातलं पहिलं मोठं काम.

"शिवण टिकेल ना गं? स्टेजवर फजिती नको."

दुपारीच डॉक्टर पुन्हा बटण तुटलेला कोट ठेवून गेले होते. तिची नजर खुंटीकडे गेली.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं, बाई," ती म्हणाली.

संध्याकाळी तिची ताई मदतीला, काजं करायला आली आणि ऐकून कडाडली, "चालून आलेलं काम परत पाठवलंस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"एक बटण धड लावता येत नाही मला!" तिला रडूच फुटलं.

ताईनं कोट ओढून उजेडात धरला. "वेडाबाई, झिजलेला दोरा असा तुटतो? हे ब्लेडनं कापलंय."

दुसऱ्या दिवशी तो आला. तिनं कोट पुढ्यात ठेवला. "हा दोरा कापलाय."

तो लालबुंद झाला. "हो... मीच. इथं यायला दुसरं निमित्तच सापडेना."

"आणि मी समोरच्या गायनवर्गाचं मोठं काम सोडलं! माझा हातच वाईट, असं समजून."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो तडक बाहेर पडला. पळाला, तिच्या मनात आलं. पण समोरच्या वर्गातली पेटी अचानक थांबली आणि त्याचा आवाज आला. ती धावत गेली.

"शिवण त्यांची पक्की आहे, बाई. टाके मी कापले."

मुलं फिदीफिदी हसत होती.

"अहो, पण कशासाठी?"

"सरळ बोलायचा... धीर नव्हता म्हणून."

बाईंनी दाराशी थांबलेल्या तिच्याकडे पाहिलं. "काम तर मी दुसरीकडे देऊन बसले गं. दिलेला शब्द मोडता यायचा नाही."

दोघं पायऱ्या उतरली. कोणी कोणाकडे बघेना.

"तोंड दाखवायला जागा नाही मला," तो म्हणाला. "तुमचं काम गेलं ते गेलंच."

"मी तरी काय शहाणी! गिऱ्हाइकानं सांगितलं आणि मी मान खाली घातली. दोरा एकदाही निरखून पाहिला नाही."

"चूक माझी आणि लाज तुम्हाला?"

"राग गेलेला नाही हं माझा."

"जाऊही नये इतक्यात."

तिला हसू आवरेना, म्हणून तिनं तोंड फिरवलं. तो तसाच घुटमळत राहिला.

"उद्या... येऊ का? पण काय घेऊन येऊ, तेच सुचत नाही."

"रिकाम्या हातानं या," ती म्हणाली.