ढगाविना पाऊस

"श्शू! मावशीचा आवाज!" चिमणीने रेडिओचा आवाज मोठा केला, तसे दादा आणि भोंगा हातातला तंबू टाकून धावत आले.

"...संपूर्ण विभागात येता आठवडा सौम्य आणि कोरडा राहील. दिवसा सुखद ऊब, पहाटे किंचित गारवा, टेकड्यांवर हलका वारा. पावसाची शक्यता नाही. वाळलेल्या गवताजवळ कोणीही विस्तव पेटवू नये."

"हुर्रे!" भोंगा असा ओरडला, की खिडकीतलं मांजर उडी मारून पळालं. आवाजामुळेच त्याला हे नाव पडलं होतं. "चला टेकडीवर!"

वसंतातली सुट्टी लागल्यापासून हे तिघं चिमणीच्या मावशीकडे मुक्कामाला होते. दादा हा चिमणीचा मोठा भाऊ, आणि भोंगा त्याचा वर्गमित्र. मावशी हवामान केंद्रात अंदाज तयार करायची, तो रेडिओवर वाचायची आणि केंद्राच्याच आवारात राहायची.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी घरी आली ती तोंड पाडूनच.

"टेकडी रद्द," ती खुर्चीत बसत म्हणाली. "पर्जन्यमापकात आज पुन्हा पाणी सापडलं. कालही होतं. पाऊस पडला म्हणे! केंद्राच्या साहेबांनी माझा अंदाज बाजूला ठेवला आणि वनखात्याला कळवून टाकलं, की टेकडीवरचं गवत ओलं आहे, आग पसरणार नाही. आता उद्या सकाळी ते तिथले वाळक्या गवताचे ढीग जाळणार!"

"पण मावशी, पाऊस पडलाच नाही!" चिमणी ताडकन उठली. "माझे मोजे काल रात्रभर बाहेर दोरीवर होते. सकाळी अगदी कडकडीत कोरडे!"

"मीही तेच सांगितलं गं. आकाशात ढगाचा ठिपका नाही, वाराही कोरडा. पण साहेब म्हणतात, यंत्र खोटं बोलत नाही."

"मग यंत्राशी कोणीतरी खोटं बोलतंय!" दादा म्हणाला.

तिघं तडक पर्जन्यमापकापाशी गेले. आवाराच्या टोकाला, कुंपणालगत, पत्र्याचं एक नळकांडं उभं होतं. वर नरसाळं, आत पाणी साठवायची बाटली. पलीकडे सार्वजनिक बाग. भोंग्याने नरसाळ्याच्या काठावरचा ओलावा बोटाने टिपला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"शी! याला खताचा वास येतोय!"

"आभाळातून खत कधीपासून पडायला लागलं?" चिमणी म्हणाली. तिने कुंपणाच्या फटीतून पाहिलं. पलीकडचे गुलाब टवटवीत, आणि त्यांच्या बुडाशी चिखल!

बागप्रमुख काका तिथेच कात्री घेऊन उभे होते. चिमणीने गोड आवाजात विचारलं, "काका, गुलाबांना सकाळी पाणी घातलंत का हो?"

काका दचकले. "पाणी? छे छे! पाणी जपून वापरायचा हुकूम आहे. आमचे नळ बंद! पळा इथून!"

"बंद नळाचा चिखल," दादा पुटपुटला. "उद्या उजाडताच इथे यायचं."

पहाट झाली तेव्हा तिघं मेंदीच्या कुंपणाआड दबा धरून बसले होते. थोड्या वेळात काका आले. इकडेतिकडे बघून त्यांनी नळाचं चाक फिरवलं. फस्स्! गवतातून एक फवारा उसळला आणि गरगर फिरायला लागला. त्याची एक लांब धार दर फेरीला कुंपण ओलांडत होती आणि थेट पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पडत होती!

"सापड..." भोंग्याने तोंड उघडलं, तोच दादाने ते दाबून धरलं. पण तेवढ्यानेही काकांनी कान टवकारले आणि क्षणात फवारा बंद!

"वाट लावलीस!" चिमणी कुजबुजली. "आपण कितीही सांगितलं तरी साहेब विश्वास ठेवणार नाहीत. त्यांनी स्वतः बघायला हवं. आणि काकांना कळायच्या आत!"

"काका फवारा परत लावतील," दादा म्हणाला. "स्पर्धेसाठी गुलाब वाढवताहेत ते, फाटकावर पाटी आहे बघ. भोंग्या, तू बागेत जा. त्यांना पाठमोरं उभं करून बोलत ठेव. जमेल?"

"बोलायला? मला?" भोंगा हसत सुटला.

साहेब व्हरांड्यात चहा पीत होते. दादा चिमणीला घेऊन धापा टाकत पुढे गेला.

"साहेब, पाऊस पडतोय!"

साहेबांनी वर पाहिलं. आकाश स्वच्छ निळं. "कुठे?"

"फक्त पर्जन्यमापकापाशी! तुम्ही ही छत्री घ्या, नाहीतर भिजाल."

"या उन्हात छत्री? वेड लागलंय का तुम्हाला?" साहेब उठले आणि तरातरा निघाले. कुंपणापलीकडून भोंग्याचा आवाज येत होता, "काका, एवढा मोठा गुलाब मी जन्मात पाहिला नाही! आणि हा पिवळा? याचं नाव काय?" काका खुशीत एकेक गुलाब दाखवत होते. मागे फवारा आरामात फिरत होता.

साहेब पर्जन्यमापकापाशी पोहोचले, नरसाळ्यावर वाकले, आणि सळ्ळकन धार त्यांच्या टकलावर! ते सावरले. तेवढ्यात दुसरी फेरी आली, ती थेट चष्म्यावर.

"अरे! अरे! हे काय आहे?"

"तुमचा पाऊस, साहेब," चिमणी म्हणाली. "खत घातलेला."

काका वळले आणि त्यांच्या हातातली कात्रीच गळून पडली. साहेबांनी ओला चष्मा पुसला आणि टेकडीकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"बाप रे! टेकडी!"

गलका ऐकून धावत आलेल्या मावशीने फोन लावला. वनखात्यात घंटा वाजत राहिली. सगळे वर गेले होते! साहेबांनी ओल्या कपड्यांनीच जीप काढली. पण रस्ता टेकडीला लांबलचक वळसा घालून जात होता.

"पायवाटेने आम्ही आधी पोहोचू!" दादा म्हणाला.

"जा! पण आगीजवळ जायचं नाही. लांबूनच हाका मारा," मावशी म्हणाली.

तिघं सायकली दामटत सुटले. चढ लागताच सायकली झुडपात टाकल्या आणि पळू लागले. पायाखाली गवत कुरकुर मोडत होतं. छातीचा भाता झाला होता. वळणावर चिमणीला वर माणसं दिसली. एकजण ढिगावर वाकला होता. त्याच्या हातात पेटता बोळा!

"भोंग्या, आता!"

भोंग्याने छाती भरून घेतली. "थांबाऽऽऽ! पेटवू नकाऽऽऽ! पाऊस खोटा आहेऽऽऽ!"

सगळे थबकले. त्या माणसाने दचकून बोळा मागे घेतला, पण एक ठिणगी निसटलीच. वाऱ्याच्या हलक्या झुळकीबरोबर ज्वाळ सरसर पसरायला लागली.

"गवत कोरडंठाक आहे!" वनाधिकारी बाई ओरडल्या. "फांद्या घ्या! पाणी आणा!"

हिरव्या फांद्यांचे सपासप फटके बसू लागले. पाण्याचे पंप पाठीवर घेऊन माणसं धावली. तिघं मुलं खडकावर श्वास रोखून उभी होती. धूर दाटला, ज्वाळा उसळल्या, मग बुटक्या झाल्या आणि अखेर विझल्या. मागे चादरीएवढा काळा डाग उरला.

जीप आली आणि साहेब व मावशी खाली उतरले. साहेबांनी सगळी हकीकत स्वतःच सांगितली, काहीही न लपवता. "चूक माझी. खिडकीबाहेर बघायचं सोडून मी बाटलीत बघत बसलो." ते मावशीकडे वळले. "तुमचा अंदाज बरोबर होता. आजच रेडिओवरून पुन्हा सांगा. आणि ही पोरं नसती, तर..." त्यांनी त्या काळ्या डागाकडे बोट दाखवलं.

"आणि बागप्रमुख काका?" दादाने विचारलं.

"आता फवारा जाणार आणि त्यांच्या हातात झारी येणार," साहेब म्हणाले.

वनाधिकारी बाईंनी काजळी लागलेल्या हाताने तिघांच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांना टेकडीच्या पलीकडच्या कडेला नेलं. खाली उतारावर लाकडी घरांची वस्ती होती. अंगणात लहान मुलं चेंडू खेळत होती. एक आजोबा दारात बसून बूट पुसत होते. वारा टेकडीवरून थेट त्या वस्तीकडेच वाहत होता.

"त्यांना काही कळलंच नाही," चिमणी हळूच म्हणाली.

"शाबास पोरांनो," बाई म्हणाल्या. "त्यांना काही कळायची वेळच आली नाही, ती तुमच्यामुळे."

खालून चेंडू उंच उडाला. कोणीतरी तो झेलला, आणि वस्तीतला हसण्याचा गलका वाऱ्याच्या उलट दिशेने वरपर्यंत ऐकू आला.