विटकरी की निळा

बारकीने शिडीच्या टोकावर उभं राहून सगळ्यात वरची रजई ओढली, आणि तिच्या पाठोपाठ बाकीच्या सगळ्या रजया खाली आल्या. धप्प! खाली कोणीतरी उभं होतं. आता तिथे रजयांचा ढीग होता आणि ढिगाला दोन पाय होते.

"अगं बाई!" बारकी शिडीवरून जवळजवळ घसरतच उतरली. "लागलं का हो तुम्हाला?"

"लागलं नाही," ढिगातून आवाज आला. "पण काही दिसत नाही."

"थांबा, थांबा, काढते..."

आतून एक उंच, किडकिडीत तरुण निघाला. केस उभे, हातात अजून दोन रजया. "अजूनही दिसत नाही," तो म्हणाला. बाहेरच्या कडाक्याच्या थंडीतून एकदम दुकानाच्या उबेत आल्यामुळे त्याच्या चष्म्यावर पांढरी वाफ धरली होती.

"मग चष्मा पुसा की!"

"तेवढं कळतं हो मला. कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान माझंच आहे. पण हात तुमच्या रजयांत अडकलेत ना."

बारकीला हसू आवरेना. तिने सरळ त्याच्या नाकावरचा चष्मा उचलला, स्वेटरच्या बाहीला खसाखसा पुसला आणि परत त्याच्या कानांवर बसवला. बसवला, आणि मग तिची तिलाच लाज वाटली — अनोळखी माणसाच्या इतकं जवळ जातं का कोणी? तोही बघतच राहिला होता.

"आता दिसतंय," तो हळूच म्हणाला. "चांगलं दिसतंय..."

"बारकी!" गल्ल्यावरून मामा खेकसला. "रजया उचल!"

तर अशी ही सुरुवात. मामाचं दुकान एवढंसं. पडदे, गालिचे, उशा, अभ्रे, दिव्यांच्या टोप्या यांनी इतकं गच्च भरलेलं की गिऱ्हाइकाला शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकावं. वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की गावातल्या प्रत्येक घराला पाहुण्यांची चाहूल लागते आणि आपले पडदे विटलेत हे एकदम दिसायला लागतं. मग मामाच्या दुकानात ही झुंबड! दोन्ही मोठ्या बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यामुळे बारकीच पडदे शिवायची, बारकीच विकायची, आणि मामाचं बोलणं खायचं तेही बारकीनेच.

मामाचा एक दंडक होता. गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी आपली आवड सांगायची नाही. "आज तुझं ऐकून हिरवा नेतील," मामा म्हणायचा, "उद्या सासू नाक मुरडेल आणि शिव्या खाणार कोण? आपण! म्हणायचं, दोन्ही छान आहेत, घरच्यांना विचारून घ्या. बस्स." बारकीने हे वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतही न अडखळता म्हटलं असतं.

चष्मेवाल्याने नवीन घर घेतलं होतं. मागच्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावर, आणि खिडकी अशी की वारा जणू भाडं भरून आत येतोय. त्याला सगळंच हवं होतं. पण शहाण्या माणसासारखं एकदम घेईल तर शपथ! एके दिवशी उशी. मग उशीला अभ्रा. मग दुसरी उशी, कारण पहिलीला एकटं वाटतं म्हणे.

"उशीला एकटं वाटतं?" बारकीने विचारलं.

"मला वाटतं," तो म्हणाला, आणि कान लाल करून पैसे काढायला लागला.

प्रत्येक वेळी तो दोन वस्तू समोर धरायचा. "ही बरी वाटते... की ही?"

"तुमच्या दुकानात काचा बदलताना असंच विचारता ना?" ती चिडवायची. "या काचेतून बरं दिसतं, की या?"

"हो. पण तिथे लोक उत्तर देतात."

"दोन्ही छान आहेत. घरच्यांना विचारून घ्या."

तो हसायचा. तीही हसायची. आणि तो गेला की ती दारातल्या काचेवर धरलेली वाफ पुसून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघायची. वेडी होती का ती? होतीच. थंडीने ओठ फुटले होते, बोटांना सुया टोचून भोकं पडली होती, आणि तरी पोरगी गुणगुणत होती. मामाला वाटलं, सुट्टी लागणार म्हणून खूश आहे.

सांगायचं होतं तिला. रोज रात्री अंथरुणात ती उत्तरं पाठ करायची — ही उशी, तो गालिचा, पिवळ्या टोपीचा दिवा. मनातल्या मनात त्याचं अख्खं घर लावून झालं होतं. पण तो समोर आला की जीभ उचलेना! मुळात तो हे सगळ्यांनाच विचारतो, सवयच आहे त्याला, असं तिने स्वतःला पटवलं होतं. उगाच काहीतरी समजून बसायचं आणि तोंडावर पडायचं, कशाला?

मग तो पडद्यासाठी आला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई गालिच्यावरून मामाशी हुज्जत घालत होती, दुसरी बारकीच्या खांद्यावर टिचक्या मारत होती. बारकीने त्याच्यासमोर कापडाचे दोन तागे उलगडले. एक विटकरी, एक निळा. दोन्ही जाड, वारा अडवणारे.

आज त्याने 'हा की तो' म्हटलं नाही. दोन्ही हात कापडावर ठेवून तो नुसता उभा राहिला. दाढी नीट केलेली होती, शर्टाला इस्त्री होती.

"एक विचारू?" आवाज जरा कापरा होता. "समजा... तुम्हालाच राहायचं असतं तिथे. त्या घरात. तर तुम्ही कुठला घेतला असता?"

कळलं हो, कळलं तिला! न कळायला ती काय कुक्कुलं बाळ होती? विटकरी, म्हण ना, विटकरी...

"बारकी, तिकडे आटप लवकर!" मामाची हाक आली. खांद्यावर टिचकी पडली. आणि तोंडातून निघालं काय?

"दोन्ही छान आहेत. घरच्यांना... घरच्यांना विचारून घ्या ना."

त्याने कापडावरून हात उचलले, दोन्ही ताग्यांच्या कडा सारख्या करून ठेवल्या. "बरं," म्हणाला. "समजलं."

आणि गेला. ती त्याच्या मागे धावली नाही. गिऱ्हाईक होतं ना समोर! उद्या येईलच तो, उद्या सांगू, असं म्हणत तिने टिचकीवाल्या बाईला अभ्रे दाखवले.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही नाही. कोपऱ्यावरून जायचं धाडस करून ती एकदा गेलीसुद्धा. काचेआड तो कोणाच्या तरी डोळ्यांत वाकून बघत होता. तिची पावलं थबकली, आणि मग ती मान खाली घालून पुढे निघून गेली. आत जाऊन म्हणणार काय? माझं उत्तर चुकलं, परत विचारा?

सुट्ट्या तोंडावर आल्या तेव्हा दुकानात एक ठसठशीत बाई शिरली. मागे एक शांत, सावळी मुलगी.

"माझ्या भावाच्या घरासाठी पडदे हवेत," बाई म्हणाली. "कोपऱ्यावरचा चष्मेवाला. तो माझा धाकटा भाऊ. आणि ही त्याची होणारी बायको."

बारकीच्या हातातली कात्री हातातच राहिली.

बाईंच्या तोंडाची टकळी सुरूच होती. ती मुलगी कापडं बघायला आत गेली तशी बाईंनी मामाकडे वाकून आवाज खाली आणला, म्हणजे फक्त अर्ध्या दुकानाला ऐकू जाईल एवढा. "काय सांगू! किती दिवस हिचं स्थळ सुचवत होतो, हा ऐकेना. मनात कोणी होती म्हणे. तिला विचारलंन, तर तिने घरच्यांकडे बोट दाखवून वाटेला लावलं. मग आला घरी आणि म्हणाला, ताई, तुम्ही म्हणाल तसं. नर्स आहे ही. एकदा साखरपुडा मोडलाय बिचारीचा. इथे यायचं म्हणून तिकडची नोकरी सोडली, खोली सोडली. आता सगळं मार्गी लागलं बाई!"

ज्या वाक्याने दुकान चालत होतं, त्याच वाक्याने तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. ओरडावंसं वाटलं — मी नाही हो वाटेला लावलं, मी दुकानात उभी होते!

"ताई," ती मुलगी आतून बारकीला म्हणाली, "हा निळा धुतल्यावर आटेल का हो?" तिने कापड गालाला लावून बघितलं होतं. "मला निळा फार आवडतो."

चांगली होती मुलगी. तिचा राग करावा म्हटलं तर तेही जमेना, हे आणखी वाईट.

बारकीने निळे पडदे शिवले. जाड कापड टांगल्यावर स्वतःच्या वजनाने थोडं खाली उतरतं, म्हणून मामाच्या दुकानात खालची दुमड कधी आधी घालत नसत. पडदा घरी टांगायचा, उतरू द्यायचा, आणि मग तिथेच जमिनीवर बसून टाचण्या लावून दुमड शिवायची. पडदे टांगून आला मामा. दुमडीच्या दिवशी मात्र त्याची कंबर धरली. "तूच जा," तो म्हणाला.

दुपार होती. दार त्याने उघडलं.

घरात दोन उशा होत्या, एक खुर्ची होती, भिंती कोऱ्या होत्या. तिने मनात लावलं होतं ते घर हेच का? तिने पिशवी ठेवली, गुडघे टेकले आणि टाचण्या ओठांत धरल्या. टाचण्यांचं एक बरं असतं. तोंडात असल्या की बोलता येत नाही, रडताही येत नाही.

"चहा?" मागून तो म्हणाला.

तिने मान हलवली. नको.

एक टाचणी लावली. दुसरी लावली. तिसरी वाकडी गेली. मग तिने सगळ्या टाचण्या तळहातावर काढल्या आणि पडद्याकडेच तोंड करून म्हणाली, "विटकरी."

"काय?"

"मला विटकरी आवडला होता. तुम्ही विचारलं होतं ना... मला तिथे राहायचं असतं तर. विटकरी. आणि मला राहायचं होतं."

मागे खुर्ची करकरली.

"आता सांगताय?" तो म्हणाला. आवाज ओळखू येईना. "मी किती वेळा विचारलं... तुम्ही दर वेळी तेच. मला वाटलं, साध्या शब्दांत नाही म्हणताय. माणसाने किती वेळा विचारायचं?"

"ते मामाने शिकवलेलं वाक्य आहे हो! सगळ्यांनाच म्हणते मी ते. आणि तुम्हीही सगळ्यांना विचारता, हे की ते..."

"माझ्या दुकानात गिऱ्हाइकांना विचारतो. दुकानाबाहेर फक्त तुम्हालाच विचारलं."

बारकी वळली. त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि दोन्ही हातांनी डोळे दाबले होते. तिला वाटलं, एकदा तरी विचारावं. नाही विचारलं तर जन्मभर छळेल. एकदा गप्प बसून काय झालं ते समोर दिसतच होतं.

"थांबवता येईल?" तिने विचारलं. "सगळं... थांबवता येईल?"

त्याने मान वर केली. तो बोलण्याआधीच तिला कळलं.

"ती सगळं सोडून आली आहे," तो म्हणाला. "काल इथे उभी राहून म्हणाली, भिंतींना खरंच मी सांगेन तो रंग लावणार तुम्ही? आजवर तिला कोणी असं विचारलंच नव्हतं. रडली ती. मी... मी नाही सांगू शकत तिला. मला जमणार नाही."

"नकाच सांगू," बारकी म्हणाली. म्हणाली खरी, पण आत सगळं ढासळत होतं. तिने पुन्हा टाचण्या ओठांत धरल्या आणि कापडाची कड हातात घेतली. टाके तिने बारीक घातले, एकसारखे. वाकडे घालता आले असते. हाताने ऐकलं नाही. डोळ्यांतलं पाणी निळ्या कापडावर पडून गडद ठिपके होत होते, आणि तिने ते हाताने पुसले नाहीत, कारण वाळतात ते.

काम संपलं. तिने दोरा तोडला, पिशवी उचलली. जिन्याच्या तोंडाशी तो बाहेर आला, चष्मा हातातच.

"एक मागू?" तो म्हणाला.

"मागा."

"कधी चष्मा लागलाच तुम्हाला... तर दुसरीकडे जा. माझ्याकडे नका येऊ. मला फार जवळून बघावं लागतं हो डोळ्यांत."

तिने मान डोलावली. काहीतरी हसून बोलावं, सुरुवातीला बोलायची तसं, असं तिला फार वाटलं, पण जमलं नाही. तेवढ्यात खालून जिन्यावर पावलं वाजली, बायकांचे आवाज आले, त्याच्या ताईची टकळी आणि त्या मुलीचं हळू हसणं. बारकी दोन पायऱ्या उतरून भिंतीला चिकटून उभी राहिली. दोघींच्या हातांत पिशव्या होत्या, थंडीने नाकं लाल झाली होती.

"झाले पडदे?" मुलीने उत्साहाने विचारलं. "कसे दिसतात हो?"

"छान दिसतात," बारकी म्हणाली. "जा ना, बघा. तुमचंच घर आहे."

ती मुलगी धावत वर गेली, मागोमाग त्याची ताईही. वर दार लागल्याचा आवाज आला, आणि मग बारकी तिथेच जिन्यावर बसली आणि तोंडात स्वेटरची बाही कोंबून मन भरेपर्यंत रडली.