शिंप्याचा मुखवटा

ही गोष्ट शंभर टक्के खरी, आईशप्पथ. म्हणजे, नव्वद टक्के. सरका जवळ, आणि मध्ये खोकू नका.

माझ्या साडूचा भाऊ जीप चालवतो. कॅन्सरच्या पेशंटना पहाटे उचलायचं, तीन तासांवरच्या शहरात शेक देऊन, म्हणजे ते रेडिएशन, रात्री परत आणायचं. जवळ दुसरं मशीन नाही. त्यात एक शिंपी होता, घशाचा आजार. शेक रोज लागतो. खंड पडला की दुखणं उचल खातं. पण जीपला लग्नाचं भाडं मिळालं. आठवडाभर शिंपी पहाटे फाट्यावर उभा राहायचा आणि घरी परतायचा. पुढे गेलाच बिचारा.

"भाऊजी, त्यांचा मुखवटा तेवढा आणाल?" शिंपीण या जीपवाल्याला म्हणाली. "धड फोटोही नाही हो त्यांचा."

शेक देताना डोकं हलू नये म्हणून प्लास्टिकची जाळी गरम करून तोंडावर दाबतात. ती नाकाडोळ्यांसकट थिजते. मग चापांनी टेबलाला आवळतात, आणि म्हणतात, हलू नका, दहाच मिनिटं. तर ती आणायला हा गेला. परतताना मंगळवार, अमावास्या, रात्रीचे पावणेबारा.

"काका, मंगळवारी अमावास्या होती?"

होती. गप बस.

मुखवटा मागच्या सीटवर. याचं तोंड चालूच, त्या मुखवट्याशी. "काय मास्तर, आज फुकट बरं का!"

मागून आवाज आला. घसा नसलेल्या माणसाचा.

"हलू नका..."

जाळी मागून तोंडावर बसली. उकळती. डोकं सीटवर आपटलं. कट्. एक चाप. कट्. दुसरा. चाप सीटला नव्हते... हाडात रुतत होते. नाक मोडलं. ओरडायला जबडा उघडेना. रक्त जाळीतून... गळ्यावर. जीप पुलाच्या कठड्यावर आदळली.

"दहाच मिनिटं..."

मग... काहीच नाही.

उजाडताना हा सोललेल्या तोंडाने शिंपिणीच्या दारात. हातातला मुखवटा मात्र कोरडा, स्वच्छ. शिंप्याचं नाक सरळ, धारदार. या जाळीचं डावीकडे मोडलेलं. तिने जाळीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"हे आमचे नव्हेत," म्हणाली, आणि परत दिला.

आता शपथ घेतलीय म्हणून कबूल करतो, हे शेवटचं मी रचलं. ती एक अक्षर बोलली नाही. परतही दिला नाही. आत गेली, हातोडी आणली, आणि त्याच्यादेखत जाळीतलं त्याचं तोंड भिंतीवर ठोकलं.

जीप आता एक दिवस चुकत नाही.