पळसमाळचा लाल कंदील

लाइट गेली तर गेली, मोबाइल ठेवा खिशात. ही गोष्ट अंधारातच ऐकायची. आणि ऐकीव नाही बरं का. पुंजाराम म्हातारपणी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा, त्याच्याच तोंडची आहे.

निजामाचं राज्य होतं. जालना-परतूर लाइनीवर पळसमाळ म्हणून टेसन होतं. टेसन कसलं, पत्र्याची शेड आणि एक खांब! ना मास्तर, ना पोर्टर. आता तिथं गाडी थांबतच नाही, पत्रेही लोकांनी नेले. तेव्हा रात्री कुणाला गाडी धरायची असली, तर त्यानं खांबाच्या आकड्याला लाल काचेचा कंदील पेटवून टांगायचा. डायव्हरला लाल उजेड दिसला तर गाडी थांबणार, नाहीतर धडधडत निघून जाणार. कंदील आणि रेल्वेचं तेल गावातल्या ठेकेदाराच्या घरी असायचं. कारभारी त्याचं नाव. आणि हा भामटा रेल्वेच्या तेलावर स्वतःच्या माडीत पत्ते कुटायचा.

या गोष्टीच्या आदल्या साली पुंजारामची बायको साळूबाई बाळंतपणात अडली. बैलगाडीनं जालना म्हणजे रात्रभराची वाट, म्हणून तिला टेसनावर आणली. कारभाऱ्यानं कंदील दिला, तो कोरडा. वात दोनदा फडफडली आणि विझली. गाडी समोरून निघून गेली. साळूबाईनं त्याच शेडमध्ये जीव सोडला, पोटातल्या लेकरासकट. कारभारी काय म्हणाला माहितीय? "तेल काल तर भरलं व्हतं." एवढंच! अजूनही सांगताना माझ्या अंगाची आग होते.

तर ती रात्र. फसली तेराशे पंचावन्न, म्हणजे इंग्रजी सेहेचाळीस साल, पौषातली अमावस्या. साळूबाईचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं. जालन्याला दिलेल्या थोरल्या लेकीला आणायला पुंजाराम निघाला होता. हातात स्वतःचा कंदील, लाल काच बसवून घेतलेला, काठोकाठ भरलेला. कारभाऱ्याच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही, ही त्याची शपथ होती. गाडी साडेअकराची. अकराला तो शेडमध्ये येऊन तंबाखू मळत बसला.

तेवढ्यात पावलं वाजली.

कारभारी होता. खांद्यावर सात वर्षांचं पोरगं, घटसर्पानं घसा दाटलेला, श्वास घरघरत होता. मागं पोराची आई नंदाबाई, रेल्वेचा कंदील घेऊन. तिनं काडी ओढली. वात फडफडली, विझली. दुसरी काडी. तेच.

तिनं कंदील हलवला. आत थेंब नव्हता.

कारभाऱ्यानं पुंजारामचे पाय धरले. "पुंजारामदादा, तुझा कंदील लाव रे. पोरगं मरून राह्यलंय."

"तेल काल तर भरलं व्हतं ना?"

"चुकलो. बिलकुल चुकलो. पोराकडं बघ."

"माझ्या साळूकडं कोण बघितलं व्हतं? जाऊ दे गाडी. मलाबी न्हाई जायचं आता."

त्यानं कंदील पोटाशी घट्ट धरला. आडदांड गडी, हिसकावून घ्यायची कारभाऱ्याची छाती नव्हती. बरोबर केलं का त्यानं? मला विचारू नका. त्याच्या जागी मी असतो तर... जाऊ दे.

रूळ वाजू लागले.

दूर इंजिनाचा दिवा दिसला. नंदाबाई पदर हलवत धावली. पण अंधारात पदर कुणाला दिसणार...

आणि खांबापाशी लाल उजेड झाला.

आकडा रिकामा. कंदील नाही. नुसता उजेड... बाईनं हात वर करावा, तेवढ्या उंचीवर. जराही न हलणारा.

ब्रेक करकरले. गाडी थांबली.

इंजिनातून डायव्हर लालमियाँ ओरडला, "जल्दी चढो! वो बत्ती पकड के खडी है, उस बाई को भी बिठाओ!"

नंदाबाई तर पोराला घेऊन डब्यात चढलीही होती. मागोमाग कारभारी. खांबापाशी...

कुणी नव्हतं.

गाडी गेली. उजेड गेला. पोरगं वाचलं, हे आत्ताच सांगून टाकतो. पण पुंजारामला ना भीती वाटली, ना बरं वाटलं. त्यानं खांबाला लाथ घातली.

"साळू! त्याच्या पोरासाठी थांबवलीस? अन आपल्या लेकराचं काय गं? तुला राग कसा येत न्हाई?"



मग त्याला पोटाशी चटका बसला. त्यानं खाली पाहिलं. कंदील त्यानं पेटवला नव्हता. काच तापली होती, काजळीनं काळी पडली होती...

त्यानं हलवून पाहिला.

आत थेंब नव्हता.