सोमवारचा दुसरा शब्द

तो मला पहिल्यांदा भेटला तो सोमवार होता, आणि मी त्याच्याशी एक अक्षरही बोलले नाही.

बोलणार तरी कशी? पहाटे अंघोळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजा, हे माझं रोजचंच. सोमवारी त्यात उपासाची आणि मौनाची भर. देवापुढं दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही. लिहूनही दाखवायचं नाही, कारण तेही बोलणंच झालं, असं आमची अव्वा म्हणते. अव्वा म्हणजे माझी आई. दिवा लागला की पहिला शब्द सिद्धरामेश्वराचा. आणि दुसरा... देवा माफ कर, दुसरा नेहमी 'चहा' असतो.

तर त्या दिवशी मी तळ्यातल्या देवळातून अनवाणी परत येत होते. भुरभुर चालू होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उंच, सावळा माणूस डोक्यावर प्लास्टिकची फाईल धरून उभा. एक बूट पायात, दुसरा हातात. चिखलानं ओढून घेतलेला दिसत होता.

"ताई — नवज्योत महिला संघटनेचं ऑफिस कुठंय?"

संघटनेची चिटणीस मीच की! आमच्या नाल्याकाठी विड्या वळणाऱ्या बायकांची चाळीस घरं. महिन्यापूर्वी पूर येऊन गेला, आणि मागोमाग नोटीस आली की घरं खाली करा. सुनावणी पुढच्या मंगळवारी. वकील लावायचा, जागेची मोजणी करून घ्यायची, तर संघटनेकडं होतं काय? एक खोली आणि बारा खुर्च्या. मग मी पुण्याच्या एका निधीला अर्ज लिहिला. आमच्यासारख्या छोट्या संघटनांवर अचानक संकट आलं तर ते आठवड्याभरात मदत देतात. तिथला माणूस येऊन बघून जाईल असं कळलं होतं. सोमवारीच येईल, हे नव्हतं कळलं.

मी डावीकडं हात केला. मग मारुतीच्या देवळाशेजारी, हे सांगायला घंटा वाजवल्यासारखं केलं.

"डावीकडं... शाळा?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. बूट खाली ठेवून, दोन्ही हातांनी खुणा करत तो मोठ्यानं, सावकाश बोलायला लागला.

"मी... पुण्याहून... आलोय."

दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या केराबाई आमच्या अध्यक्ष. त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. "अवो सायेब, ती बहिरी न्हाय. आज तिचा सोमवार हाय."

"सोमवार सगळ्यांचाच असतो की," तो म्हणाला.

ऑफिसात केराबाईंनी त्याला सगळं समजावलं. अर्ज कुणी लिहिला असं त्यानं विचारलं तेव्हा जमलेल्या बायकांची वीस बोटं माझ्याकडं वळली.

"म्हणजे ज्यांनी सात पानं लिहिली, त्या आज सात शब्दसुद्धा बोलणार नाहीत?"

"एकबी न्हाय," केराबाई म्हणाल्या.

मग तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. मान हलवून उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारत राहिला. घरपट्टी भरता? लाईट बिलं आहेत? भिजली? मी मान हलवत होते आणि तो लिहीत होता. मध्येच म्हणाला, "आमी सांगोल्याकडची धनगर माणसं. मेंढरांशी बोलतच वाढलो. उत्तर नाही आलं म्हणून आमचं बोलणं थांबत नाही."

मला हसू फुटलं. आवाज नाही केला, पण फुटलं. हसणं मौनात बसतं का मोडतं, ते काही मला ठरवता येईना. संध्याकाळी दिव्यासमोर दोनदा हात जोडले.

मंगळवारी त्याचा फोन आला.

"नवज्योतच्या चिटणीस आहेत का?"

"बोलतेय."

"मी मल्हार. काल आलेलो. ...आवाज आहे की तुम्हाला."

"सोमवार सोडून सगळे दिवस आहे."

"मग बुधवारी येतो. कागद बघायचेत." मग म्हणाला, "आणि एक राहिलं. काल पहिल्याच वाक्यात ताई म्हणालो बघा. ते परत घेतलं तर चालेल?"

"का हो? ताई म्हणण्यात वाईट काय?"

"वाईट काही नाही," तो म्हणाला. "म्हणून तर अवघड आहे."

फोन ठेवल्यावर अव्वानं विचारलं कुणाचा होता, तर मी म्हटलं, "ऑफिसचा." खरंच होतं ते. मग कानाच्या पाळ्या गरम का झाल्या होत्या?

बुधवारी उघडीप होती. पुरात भिजलेली बिलं आणि पावत्या आम्ही ऑफिसात दोऱ्या बांधून, कपड्यांचे चिमटे लावून वाळत घातल्या होत्या. ओल्या कागदाचा आणि तेंदूच्या पानांचा वास सगळ्या खोलीत. तो त्या दोऱ्यांमधून वाकून वाकून फिरत एकेक कागद वाचत होता, आणि मी चिमटे काढून देत होते. एका बिलाच्या दोन टोकांना आमची दोघांची बोटं होती. त्यानं बिल सोडलं नाही. मीही... सोडलं नाही. का ते माहीत नाही.

"चंद्रव्वा सिद्धाप्पा," बिलावरचं नाव त्यानं वाचलं. "सत्त्याण्णव सालचं. हे चांगलं आहे. हे उपयोगी पडेल."

"हो."

"उपासाला काय खाता तुम्ही?"

"हे अर्जात विचारलेलं नव्हतं."

"नव्हतं," तो म्हणाला. "अर्ज अपुरा आहे आमचा."

मागून केराबाई खोकल्या. त्यांना खोकला नव्हता.

कागद बघून झाल्यावर तो बूट घालून निघून गेला. आणि गुरुवारी सकाळी मोबाईलवर दोन ओळी आल्या. 'तुमच्या संघटनेचा अर्ज यापुढे मी पाहणार नाही. पूनम मॅडम फोन करतील.'

मी त्या ओळी दहा वेळा वाचल्या. माझं काय चुकलं? उपासाचं उलट उत्तर दिलं म्हणून? की मौनाचा राग उशिरा आला? त्या दिवशी पूजेत लिंगावर नजर ठरेना. माझ्यामुळं चाळीस घरांचा अर्ज अडकला असेल, तर त्या बायकांना तोंड कसं दाखवू? आणि लाज वाटण्याची गोष्ट अशी, की मला घरांची काळजी जास्त होती का तो येणार नाही याचं दुःख जास्त, तेही नीट सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी पूनम मॅडमचा फोन आला. गोड पण कोरडा आवाज.

"मल्हारशी तुमचं काही नातं आहे का?"

"नाही. सोमवारीच भेटले ते."

"हं. आमच्याकडं एक नियम आहे. अर्ज पाहणाऱ्याच्या जवळचं कुणी त्या संस्थेत असेल, तर त्यानं तसं लिहून बाजूला व्हायचं. मल्हारनं काय लिहिलंय, वाचते. 'संस्थेच्या चिटणीसांविषयी माझं मन तटस्थ राहिलेलं नाही. त्यांना याची कल्पना नाही. अर्ज मात्र खरा आहे.'"

"आता मला तुमची बाजू विचारावी लागते," पूनम मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मनात काही नसेल तर मी एकटी उद्या निकाल देऊ शकते. असेल, तरी अर्ज बाद होत नाही. फक्त अजून दोघांना तो नव्यानं तपासावा लागतो. निकाल सोमवारवर जाईल."

सोमवार. आणि मंगळवारी सकाळी सुनावणी. 'नाही' म्हणायचं, बास. दोन अक्षरं. जिभेवर आणलीसुद्धा. पण ज्या हातावर रोज लिंग ठेवते त्याच हातात फोन होता. खोटं बोलवेना. आणि 'हो' म्हणावं, तर ते तरी खरं होतं का? तीन दिवसांत असं काही होतं का कुणाचं?

"मला... ठाऊक नाही," मी म्हटलं.

"ठाऊक नाही असंच लिहू?"

"तसंच लिहा."

त्या किंचित हसल्यासारख्या वाटल्या. "मग सोमवार."

केराबाईंना मी सगळं सांगितलं. लपवून काय उपयोग? त्यांनी दोरा दातानं तोडला. "बया, तुज्या एका 'ठाऊक न्हाय'पायी चाळीस घरं लटकली की गं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडतीस कशाला? खोटं सांगून पैसं आणले असतेस आन् मागनं कळलं असतं, तर पुन्यांदा कोन दारात उभं करनार हुतं आपल्याला?" मग हळूच, "पन खरंच ठाऊक न्हाय व्हय?"

मी गप्प. शुक्रवार होता, तरी गप्प.

सोमवार आला. मौन आलं. सकाळ गेली, दुपार गेली, मोबाईल मुका. वकिलांनी पाच वाजेपर्यंत होकार मागितला होता. ऑफिसात बायका माझ्याकडं बघत विड्या वळत होत्या, आणि कुणी मला काही बोलत नव्हतं, हेच जास्त टोचत होतं. चारला दहा कमी असताना मोबाईल थरथरला. 'नवज्योत महिला संघटना : अर्ज मंजूर.'

ओरडता येईना. मी मोबाईल केराबाईंच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही, पण माझा चेहरा त्यांनी वाचला. सूप बाजूला सारून त्या उठल्या आणि एकीला वकिलांना फोन लावायला लावला.

घरी आले तर आमच्या पायरीवर मल्हार बसलेला. हातात फाईल नव्हती. दोन्ही बूट जागेवर होते.

"आज ऑफिसचं काम नाही," तो म्हणाला. "निकाल लागल्यावरच पुण्याहून इकडची गाडी धरायची, असं ठरवलेलं. म्हणजे... निकाल लागायच्या आधीच धरली. नामंजूर झालं असतं तर स्टँडवरूनच परत गेलो असतो." त्यानं मान खाली घातली. "पूनमनं तुमचं उत्तर सांगितलं नाही. नियम आहे. म्हणून मीच विचारायला आलो. आत्ता नको. दिवा लागू दे. मी थांबतो."

अव्वा दारात आली. त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "नाव काय तुझं, बाळा?"

"मल्हार."

"मल्हार म्हणजे आमचा मैलारलिंगच की," अव्वा माझ्याकडं बघत म्हणाली. "देव दारात बसला तर त्याला आत घ्यावं म्हणतात." आणि ती आधण ठेवायला गेली.

तो दारातल्या कट्ट्यावर बसला, मी देवासमोर. ऊन भिंतीवरून हळूहळू वर सरकत होतं. मनात सगळा गुंता... तो सांगोल्याचा, मी इथली. त्याचं पुणं, माझे सोमवार. एकाही गोष्टीचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. फक्त तो उठून गेला असता तर काय वाटलं असतं, तेवढं मात्र आता पक्कं ठाऊक होतं.

वात लावली. डोळे मिटले. पहिला शब्द उच्चारला, रोजच्या देवाचा.

मग वळले. तो उभा राहिला होता. मी तोंड उघडलं आणि...

"चहा," मी म्हणाले.

सवय हो, दुसरं काय! त्याचा चेहरा पडला, आणि आत हसू दाबताना अव्वाच्या हातातली किटली खणखणली. माझे कान पेटले.

"घेतो की," तो कसाबसा म्हणाला. "चहा तर चहा."

"थांबा," मी म्हटलं. "तो शब्द सवयीचा होता. आता विचारा."

"ताई म्हटलेलं परत घेऊ?"

"हो," मी म्हणाले.