गोधडीमागची आठ बोटं

माधुरीने तो निरोप वाचला, त्याला एका ओळीचं उत्तर दिलं आणि विसरून गेली.

निरोप तिच्या वेबपेजच्या गेस्टबुकात आला होता. पेज बघायला येणारे लोक तिथे चार शब्द लिहून जायचे. टोरांटोच्या कुणा निलाक्षी नावाच्या नर्सने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं : ‘गोधडी फारच सुंदर आहे. पण ती धरून उभ्या असलेल्या बाईंची डावी करंगळी मोडलेली दिसते. मी हाडांच्या वॉर्डात काम करते, म्हणून नजर गेली. कृपया त्यांना एकदा बघून या.’

‘भेटीबद्दल आभार, पुन्हा या,’ असं माधुरीने लिहिलं. कष्टाचे हात ते, कुठे ना कुठे लागायचंच. आणि हीच माधुरी आपल्या दीड वर्षाच्या मुलाला, रामला, भरवताना प्रत्येक घास चिवडून बघायची. तो झोपला की श्वास चालू आहे ना म्हणून त्याच्या नाकाशी बोट धरायची.

ही १९९९ सालच्या मार्चमधली गोष्ट. कोपरगावात माधुरीचा कॉम्प्युटर क्लास होता. तीन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि इंटरनेटला जोडताना मांजर चिरडल्यासारखा ओरडणारा एक मोडेम. इंटरनेटवर फुकट मिळालेल्या जागेवर तिने स्वतःच वेबपेज बनवलं होतं आणि त्यावर ती गोधड्या विकायची. परदेशातल्या मराठी माणसांची ई-मेल यायची, गोधडी पार्सलने जायची. ‘इंटरनेटवर कोण गोधडी घेतंय?’ म्हणून हसणारे शेजारी आता गप्प झाले होते.

गोधड्या शिवायची कडूबाई. नदीपलीकडच्या वस्तीवर राहणारी साठीची, बडबडी बाई. जानेवारीत ती स्वतः डोक्यावर गाठोडं घेऊन आली होती. नंतर मात्र तिचा पुतण्या मच्छिंद्र यायला लागला. त्याने माधुरीचा कॅमेराही मागून नेला. चुलतीला कशाला हेलपाटा, फोटोही मीच काढून आणतो, म्हणाला. गोधडी मोठी, म्हणून कडूबाई तिच्यामागे उभी राहून वरचा काठ धरायची. फोटोत दिसायची ती फक्त गोधडी, आणि काठावर आठ बोटं.

मे महिन्याच्या सुट्टीत माधुरीच्या बहिणीचा मुलगा पंकज राजूरहून आला. शेजारची प्रज्ञा आणि नदीपलीकडून सायकलवर येणारा गोरक्ष यांच्याशी त्याची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. पंकज आठवीत गेलेला, बाकी दोघं सातवीत. गोरक्ष पंकजला ‘डोंगऱ्या’ म्हणायचा आणि पंकज त्याला, साखर कारखान्याच्या मळीवरून, ‘मळीवाला’. क्लास रिकामा असला की तिघं स्कॅनरवर फोटो चढवून द्यायची.

त्या दुपारी गोरक्ष रामला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवत होता. प्रज्ञा फोटो तारखेप्रमाणे लावत बसली होती. लावता लावता तिचा हात थांबला. तिने सगळे फोटो स्कॅन करून पडद्यावर एकाशेजारी एक उघडले आणि पंकजला नीट बघायला सांगितलं.

फेब्रुवारीत आठही बोटं सरळ होती. मार्चमध्ये डावी करंगळी बाहेर वळलेली. मे महिन्यात उजवीही.

पंकज म्हणाला, पडली असेल बिचारी.

“दोनदा?” प्रज्ञा म्हणाली. “आणि दोन्ही वेळा नेमकी करंगळीच? माझी आजी गोधडी शिवते. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं बोट, एवढंच लागतं. करंगळी नुसती बाजूला असते. कुणीतरी कामाची बोटं सोडून दिलीत, पंकज.”

माधुरी त्यांच्या मागे येऊन उभी होती. तिने हातातली कपबशी खाली ठेवली. मार्चमधला तो निरोप तिला शब्दन्‌शब्द आठवला.

तेवढ्यात बाहेर मच्छिंद्रची एम-एटी गाडी थांबली. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. प्रज्ञाने झटकन पडदा बंद केला. माधुरीने आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं की काकी कशा आहेत.

“काकी? एकदम मजेत. बसल्या जागंवरनं उठत न्हाई, इतका नाद लागलाय. ताई, आनखी ऑर्डरी घ्या की. आपन कमी पडनार न्हाई.”

तो मळ्यातली मोटर बघून घरी जाणार आहे, हे कळल्याबरोबर पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रज्ञाने अंगणात जाऊन गोरक्षला बोटांचं सांगितलं, त्याने रामला माधुरीकडे दिलं. माधुरी ‘थांबा, मोठ्या माणसांना…’ म्हणेपर्यंत तीन सायकली कोपऱ्यावरून वळल्याही होत्या.

वस्ती गोरक्षच्या ओळखीची. तोडणी न झालेल्या उसातून वाट काढत ती घराच्या मागच्या बाजूला पोचली. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मागच्या खिडकीच्या गजांतून बघितलं, तर अंधाऱ्या खोलीत चिंध्यांच्या ढिगात कडूबाई बसली होती. सुई चालू होती. पाठीवर चोळी फाटलेली, आणि फाटक्यातून काळेनिळे वळ.

प्रज्ञाने हळूच हाक मारली. बाई दचकली. मग गजांपाशी सरकून कुजबुजली, “जावा रं लेकरांनो, त्यो यील.”

हाताला काय झालं, असं प्रज्ञाने विचारलं.

“दोनदा पळाले. येका येळंला येक मोडलं.” कडूबाईने दोन्ही करंगळ्या पदरात लपवल्या. “म्हनतो, शिवायला ही लागत न्हाई. आता पळलीस तर आंगठा. मंग शिवायचंबी न्हाई आन जेवायचंबी न्हाई.”

एम-एटीचा आवाज आला. प्रज्ञा आणि पंकज कडब्याच्या गंजीमागे घुसली. गोरक्ष लांब, उसाच्या कडेला राहिला.

कुलूप निघालं. कुणाशी बोलत होतीस, असं मच्छिंद्रने विचारलं. मग लाकडी दांडक्याचा आवाज आला, ओल्या पोत्यावर पडावा तसा. एक. दोन. तिसऱ्याला कडूबाई ओरडली. प्रज्ञाने पंकजचा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. गंज हलली आणि कडबा सळसळला. आत सगळं थांबलं. मच्छिंद्र दांडकं घेऊन खिडकीशी आला, गंजीकडे रोखून बघत बाहेर निघाला.

तेव्हा गोरक्षने उसाचं एक कांडं काडकन मोडलं आणि सरळ उघड्यावर येऊन उभा राहिला.

“ऊस चोरतो व्हय रं?” मच्छिंद्र त्याच्यावर धावला.

“व्हय,” गोरक्ष म्हणाला. “चोरला.”

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा तोंडावर. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. तो पडला, तर मच्छिंद्रने त्याच्या बरगडीत लाथ घातली, केसांना धरून उठवलं आणि पुन्हा मारलं. गोरक्षने एकदाही गंजीकडे बघितलं नाही. पंकज उठायला लागला, तर प्रज्ञाने त्याला खाली दाबून धरलं आणि ती आवाज न करता रडत राहिली. दम लागल्यावर मच्छिंद्रने पोराला बांधावरून ढकलून दिलं आणि घराला पुन्हा कुलूप घालून तो निघून गेला.

“डोंगऱ्या,” सुजलेल्या तोंडाने गोरक्ष म्हणाला, “तुझ्या राजूरला असला ऊस मिळत न्हाई.”

पंकजला हसावं की रडावं कळेना. त्याने गोरक्षला आपल्या सायकलवर पुढे बसवलं.

माधुरीने गोरक्षचं तोंड बघितलं आणि रामला शेजारी देऊन ती तशीच चौकीत गेली, तिन्ही पोरांना घेऊन. छगन हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. पण चुलती-पुतण्याचं घरचं भांडण, बाई स्वतः काही बोलत नाही, तर आपण कुठे मध्ये पडायचं, असं त्यांचं म्हणणं. गोरक्षबद्दल तर ऊस चोरल्याचं पोरगं स्वतःच कबूल करतंय म्हणाले. बाईला आणा, तिने तोंडाने सांगितलं की बघतो.

कुलूप फोडू, असं पंकज म्हणत होता. प्रज्ञाला ते पटेना. फोडताना मच्छिंद्र आला तर अंगठा कडूबाईचा जाणार होता. बाईला त्यानेच आणलं पाहिजे, स्वतःच्या गाडीवर.

प्रज्ञा कॉम्प्युटरपुढे बसली. निलाक्षीचा ई-मेलचा पत्ता गेस्टबुकात होता. प्रज्ञाने सगळं लिहिलं, फोटो जोडले, माधुरीने शेवटी ‘तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, मदत करा’ एवढंच घातलं.

सकाळी मोडेम ओरडला तेव्हा उत्तर येऊन पडलेलं होतं. निलाक्षीने खरीखुरी ऑर्डर दिली होती, सहा गोधड्यांची. अट एकच : शिवणारी बाई गोधडीच्या पुढे, दोन्ही हात दिसतील अशी, क्लासमध्येच उभी करून फोटो पाठवा. खाली लिहिलं होतं, ‘अंगठा वाचवा. बाकी मी बघते कसं सरळ होतं ते.’

मच्छिंद्र आला तेव्हा माधुरीने फक्त ऑर्डर आणि अट उतरवलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला. काकीला ताप आहे म्हणाला. माधुरीने कागद शांतपणे परत घेतला. मग राहू दे, येवल्याच्या एक बाई तयार आहेत, त्यांना सांगते, म्हणाली.

“गुरवारी आनतो,” मच्छिंद्र म्हणाला.

गुरुवारी गल्लीतल्या आठ-दहा बायका फोटो बघायला म्हणून येऊन बसल्या. हवालदारांनाही बोलावलं होतं. ते मिशा विंचरून आले, कारण फोटो कॅनडाला जाणार असं पंकजने त्यांना सांगितलं होतं. गोरक्ष आतल्या खोलीत बसून होता.

कडूबाई आली ती पदरात हात गुंडाळूनच. पुढे उभी राहायला सांगितलं, तर ती गोधडी घेऊन सवयीने तिच्या मागेच उभी राहिली. काठावर आठ बोटं आली. माधुरी म्हणाली, काकी, पुढे या. गोधडी हलली नाही. लाजते ती, मच्छिंद्र हसून म्हणाला, आणि त्याचा हात खिशात गेला.

प्रज्ञा उठली आणि गोधडीमागे गेली. काठावर आठ बोटांशेजारी आणखी आठ बोटं उमटली, लहान, सरळ. पलीकडे ती काय बोलली कुणाला ऐकू आलं नाही. हळूहळू गोधडी खाली आली.

“हवालदारसायेब,” कडूबाई म्हणाली. तिने दोन्ही हात पुढे केले. “ह्यानं मोडली. कोंडून ठिवलंय मला.”

मच्छिंद्रने खुर्ची उचलून फेकली. ती हवालदारांच्या गुडघ्यावर आदळली, ते कोलमडले. त्याच्या खिशातून कापडाची मोठी कात्री निघाली. माधुरी आडवी आली, तिला त्याने भिंतीवर असं आपटलं की कपाळातून रक्ताची धार डोळ्यात उतरली. तरी तिने त्याची बाही सोडली नाही. कात्री तिच्या हातावर उतरणार, एवढ्यात आतल्या खोलीतून गोरक्ष निघाला, एक डोळा अजून मिटलेला.

“ऊस पायजे का?” तो ओरडला.

मच्छिंद्र क्षणभर वळला. तेवढं पुरलं. पंकज आणि प्रज्ञाने गोधडी त्याच्या डोक्यावरून टाकली आणि पायांपर्यंत खाली ओढली. तो पडला. बायका त्याच्यावर तुटून पडल्या. लाटणं नव्हतं, पण कीबोर्ड होता, चपला होत्या, टेबलाचा तुटका पाय होता. गोधडीच्या आतून येणारे आवाज बराच वेळ थांबले नाहीत. शेवटी लंगडत उठलेल्या हवालदारांनाच ‘बास, बास, मरंल त्यो’ म्हणून बायकांना ओढून काढावं लागलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कडूबाईचे हात बराच वेळ बघितले. करंगळ्या पूर्ण सरळ होणार नाहीत, म्हणाले. पण आणखी महिनाभर अशीच राहिली असती तर बाईच हाती लागली नसती. हे ओळखलं कुणी, असं त्यांनी विचारलं. माधुरीने तिन्ही पोरांना पुढे केलं. डॉक्टरांनी प्रज्ञाला विचारलं की पुढे काय शिकणार, आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाले, “माझ्याकडे ये. तुझी नजर मला हवी आहे.”

मच्छिंद्रला कोठडीत घातल्यावर छगन हवालदारांनी चौकीसमोर, चारचौघांत गोरक्षच्या पाठीवर हात ठेवला. बाईला आणा असं मी म्हणालो, मी जायला पाहिजे होतं, असं ते खाली बघत बोलले. गोरक्षचे वडील पोराला झोडपायचं ठरवून आले होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी टोपी काढली आणि त्याला पोटाशी धरलं.

सहा गोधड्यांचं काय करायचं, ते माधुरीने कडूबाईला विचारलं.

“एक शिवीन,” कडूबाई म्हणाली. “त्या टोरांटोच्या पोरीला. बाकीचं माझ्या मनाला यील तवा.”

कपाळाला पट्टी बांधलेली माधुरी त्या संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसली. वेबपेजवरची ऑर्डरची जागा तिने काढून टाकली. तिथे मराठीत लिहिलं, कागदावर हाताने, आणि तो कागद स्कॅन करून चढवला :

‘जिच्या हातचं तुमच्या घरी येतं, पण जी स्वतः बरेच दिवस दिसलेली नाही, अशी एखादी बाई तुम्हाला माहीत असेल. पापड लाटणारी, विड्या वळणारी, पलीकडच्या गल्लीतली मावशी, कुणीही. हे वाचून झालं की उठा आणि तिच्याकडे जा. तिचं सामान घेऊन येणाऱ्याला विचारू नका. मी तेच केलं होतं. तिला दारात बोलवा, तिचे हात बघा. ती बरी आहे हे तिच्याच तोंडून ऐका, आणि ती बोलेल तेव्हा जवळ दुसरं कुणी नसू द्या.’