ओल अजून आहे

अल्पेशच्या बाईकवरून गुंडाळी सुटली ती नेमकी मृणालीच्या अंगणात. किहीमच्या त्या वळणावर नवख्याच्या गाडीवरचं काहीतरी पडतंच, त्यात त्याने दोरी बांधली होती देवाच्या भरवशावर. गुंडाळी गडगडली, उलगडली आणि मृणालीच्या आईने, कमळने, वाळत घातलेल्या जवळ्यावर ऐसपैस पसरली.

मृणाली केरसुणी घेऊनच धावली. "दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसलं... पण जरा उशिरा," तो ओशाळून म्हणाला.

"आता या कागदाला जन्मभर जवळ्याचा वास येणार."

"कागद नाही, विनाइल आहे. भिंतीला लावायचं. एक ओलं फडकं द्या फक्त."

तिने फणकाऱ्याने फडकं दिलं. त्याने दोनदा पुसलं आणि फिकट निळ्यावरची पांढरी फुलं पुन्हा जशीच्या तशी दिसायला लागली. मृणालीने वाकून वास घेऊन पाहिला. काही नव्हता. मान वर केली तर तो तिच्याकडेच बघत होता... आणि केरसुणी अजून आपल्या हातात आहे, हे तिला तेव्हा कळलं.

तिला खरं तर असंच काही हवं होतं. मागची खोली पर्यटकांना द्यायची होती, दिवाळीच्या सुट्टीतले पहिले पाहुणे ठरलेही होते, आणि खाऱ्या वाऱ्याने दर वर्षी त्या भिंतीचे पोपडे निघायचे. तिने खोली दाखवली, तसा अल्पेशने भिंतीवरून हात फिरवला.

"बारीक तडे झाकले जातील. हे लवचीक असतं, कोपऱ्यात वळवलं तरी फाटत नाही. पण आत्ता नाही लावणार."

"का?"

"भिंत ओली आहे. ओल कोंडली की आत बुरशी धरते. आधी ती बाहेरची फुटकी पन्हळ बदला."

त्याने भिंतीवर तळहाताएवढं प्लास्टिक ठेवलं आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली. "चार दिवसांनी येतो. आत दव धरलं, तर ओल अजून आहे."

पन्हळ बदलली. चार दिवसांनी तो पेणहून आला. दव होतं. चहा झाला. पुढच्या खेपेला दव कमी होतं, पण चहाबरोबर घावणे होते आणि गप्पा तासभर लांबल्या. तो फार बोलायचा नाही, पण ऐकायचा असा की मृणालीला आपलंच बोलणं नव्याने आवडायला लागलं.

तिसऱ्या खेपेच्या सकाळी तिने प्लास्टिक पाहिलं. कोरडं ठणठणीत. म्हणजे आज तो विनाइल लावणार, आणि उद्यापासून त्याला या वळणावर यायचं काही कारणच नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, चिकटपट्टीचं एक टोक उचकटलं, पेल्यात बोटं बुडवून आत पाणी शिंपडलं आणि नव्या पट्टीने ते बंद करून टाकलं.

अल्पेशने बराच वेळ निरखलं. "ओल अजून आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

पुढच्या खेपेलाही होती. त्याच्या पुढच्याही.

"भिंत हाय का विहीर?" कमळ वैतागली. "शनिवारी पाव्हनं येतील, त्यांना काय अंगनात निजवू?"

गुरुवारी अल्पेश आला तो सगळं सामान घेऊनच. "आज लावतो."

"पण ओल..."

"भिंतीची ओल धुक्यासारखी धरते. हे थेंब ओघळलेत." तो खाली बघून हसला. "आणि चिकटपट्टी मी कात्रीने कापतो. ही दातांनी तोडलीय."

मृणालीचे कान तापले. "कधी कळलं?"

"पहिल्याच वेळी."

"मग बोललात का नाही?"

"चार दिवसांनी परत यायला मिळत होतं..."

तिने विनाइलचं एक टोक उचललं आणि ती मदतीला लागली. दुपारपर्यंत तीन बाजू झाल्या. शेवटचा पट्टा कोपऱ्यावरून वळवायचा होता. तिने स्टुलावर चढून दोन्ही हातांनी वरची कड दाबून धरली, तो खालून हवा काढत आला.

"सोडू नका हं. बुडबुडा राहील."

ती धरून राहिली. खोली निळी झाली होती, आणि काम संपत आलं होतं. आता नाही बोलले तर कधीच नाही, असं तिला वाटलं. "मला तुम्ही आवडता," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "आणि तोंड लपवायला हातही मोकळे नाहीत माझे."

मागून त्याचा हात वर आला, तिच्या बोटांशेजारची कड त्याने अलगद दाबली.

"आता सोड, मृणाली."

सोडा नाही... सोड. तिने हे ऐकलं, आणि कड मात्र तशीच धरून ठेवली.

"वाळली का एकदाची?" दारात कमळ उभी होती.

"वाळली, मावशी," अल्पेश दचकून बाजूला झाला.

"मंग आता भायेरची बघ. ती पन ओली हाय."

मृणाली चकित होऊन बाहेरच्या खोलीत आली. तिथली भिंत तर भर पावसातही कोरडी असायची. पण तिच्यावर तळहाताएवढं प्लास्टिक लावलेलं होतं, आतून पाण्याचे थेंब ओघळत होते, आणि चारही बाजूंची चिकटपट्टी कात्रीने अगदी सरळ कापलेली होती.